विंडोज १० की ११? कोकणातल्या वादामागची पंचवीस वर्षं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. तेव्हापासून अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत संगणक दुरुस्तीच्या दुकानांत एकच प्रश्न फिरतो आहे: ११ टाकायची की आहे तेच चालू द्यायचं? उत्तर दुकानागणिक बदलतं. एक म्हणतो लगेच टाका, दुसरा म्हणतो वर्षभर थांबा, तिसरा म्हणतो मशीनच बदला. चौथा लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीचा, पेनड्राइव्ह पुढे करतो. यातला कुणी उगाच बोलत नसतो. ज्याचे हात ज्या अपडेटमध्ये पोळले, त्यावरून त्याचं मत ठरलेलं असतं. म्हणून आधी मागचं बघावं लागतं.

त्याआधी इथल्या मशिनांविषयी थोडं. कोकणातला संगणक बहुधा मुंबईहून येतो आणि पुष्कळदा दुसऱ्या हाताने येतो. कंपन्या तीन-चार वर्षं वापरून लॅपटॉप काढून टाकतात. मग ते लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारातून, नाहीतर गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या बॅगेतून गावी पोचतात. त्यामुळे इथलं मशीन नेहमी एक पिढी मागे असतं. पूर्वी हे फारसं नडत नसे. मशीन हळू चालायचं, पण चालायचं.

विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ ला आली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या एमकेसीएलचा एमएस-सीआयटी कोर्स तालुक्यातालुक्यांत पोचला आणि एका अख्ख्या पिढीसाठी संगणक म्हणजे एक्सपी असं समीकरण झालं. ८ एप्रिल २०१४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेबारा वर्षं, एक्सपीला अपडेट मिळत राहिले. इतका काळ टिकलेली गोष्ट माणसाला कायमची वाटू लागते. ‘चालतंय ना, मग कशाला हात लावता?’ हे वाक्य त्या साडेबारा वर्षांतलं आहे.

पण हात न लावण्याचं खरं कारण मराठी टायपिंग होतं. पत्रिका छापणारे, ग्रामपंचायतीच्या नोटिसा टाइप करणारे, स्थानिक साप्ताहिकं काढणारे सगळे श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएम या मराठी टायपिंगच्या पॅकेजांवर काम करत. या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की समोर नुसता कचरा. शिवाय पॅकेजला हार्डवेअर लॉक, म्हणजे फुकट नक्कल चालू न देणारा छोटा खटका, असे. तो प्रिंटरच्या पोर्टला, पुढे यूएसबीला लावला की सॉफ्टवेअर उघडे. युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर अक्षर तेच राहील अशी सामाईक पद्धत, एक्सपीतही होतं, पण झोपलेलं. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’, त्यात ‘लँग्वेजेस’, त्यात कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या (देवनागरीसारख्या लिप्यांच्या) चौकटीवर टिक, आणि मग मशीन एक्सपीची सीडी मागे. सीडी कुणाकडेच नसे. त्यामुळे युनिकोड ‘चालत नाही’ असाच समज पसरला.

विंडोज ७ आली २२ ऑक्टोबर २००९ ला. (मधली व्हिस्टा कोकणात फारशी मुक्कामाला राहिली नाही.) सातच्या वेळी चार जीबीच्या पुढची रॅम वापरायची म्हणून ६४-बिट आवृत्ती टाकायची पद्धत पडली, आणि डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवणारे, तिथेच अडकले. ६४-बिट विंडोजला ड्रायव्हरही (जोडलेलं उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) ६४-बिटचा आणि डिजिटल सही असलेलाच लागतो. जुन्या लॉकचा ड्रायव्हर ३२-बिटचा. लॉक लावलेला असूनही सॉफ्टवेअर म्हणे, ‘लॉक सापडत नाही’. नवीन आवृत्ती विकत घ्यायची म्हणजे पुन्हा खर्च. म्हणून कित्येकांनी एक एक्सपीचं मशीन कोपऱ्यात जपून ठेवलं आणि नव्याला नको म्हटलं. पतपेढ्या आणि आंब्याचे अडते यांचंही तेच झालं. त्यांचे हिशोब विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणाऱ्या फॉक्सप्रोत, आणि १६-बिटचा प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर मुळीच सुरू होत नाही. ३२-बिट आवृत्ती विंडोज १० पर्यंत मिळत होती. ११ फक्त ६४-बिट आहे, त्यामुळे ती शेवटची वाट बुजली. आता असा हिशोब चालवायचा तर विंडोजच्या आत डॉस चालवणारं डॉसबॉक्ससारखं सॉफ्टवेअर वापरावं लागतं. त्यात प्रिंट काढणं ही वेगळीच डोकेदुखी. शहाणपण एवढंच, की जुनं मशीन चालू आहे तोवर डेटा एक्सेलमध्ये काढून घ्यावा.

फॉन्टाची भानगड युनिकोड आल्यावरही संपलेली नाही. विंडोज ७ मध्ये मंगल, कोकिला, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट आपोआप असत. १० पासून ते ऐच्छिक झाले, आणि देवनागरी दाखवायचं काम निर्मला यूआयकडे गेलं. कोरी विंडोज टाकल्यावर जुनी कोकिलामधली पत्रिका उघडली की अक्षरं दिसतात, पण ओळी हलतात, एका पानाची दोन पानं होतात आणि दोष नव्या विंडोजला जातो. उपाय पाच मिनिटांचा आहे. सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जाऊन ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ घ्यायचे. इंटरनेट तेवढं चालू हवं.

‘लगेच टाकू नका’ म्हणणाऱ्यांचा राग मात्र २०१६ चा आहे. २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आली आणि सात-आठवाल्यांना एक वर्ष फुकट मिळाली. ‘ही शेवटची विंडोज’ असं मायक्रोसॉफ्टचाच एक माणूस जाहीरपणे बोलून गेला होता. कोपऱ्यात एक खिडकी सारखी उघडायची. मे २०१६ मध्ये तर फुलीवर क्लिक करून ती बंद केली तरी ठरलेल्या वेळेचं अपग्रेड रद्द होत नव्हतं. मोबाइलच्या डेटावर नेट चालवणाऱ्याचा महिन्याचा पॅक त्यात एका रात्रीत संपे. पुढे ऑक्टोबर २०१८ चा १८०९ अपडेट आला तेव्हा काही जणांच्या ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमधल्या फायलीच पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टला तो मागे घेऊन १३ नोव्हेंबरला पुन्हा द्यावा लागला. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर एका मशीनला जोडलेला प्रिंटर दुसऱ्यावरून चालेना. ‘११बी’ने संपणारा एरर सायबर कॅफेवाल्यांना अजून आठवत असेल. दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून पिणारी ही मंडळी आहेत, आणि त्यांचं अगदीच चुकत नाही.

‘लगेच टाका’ म्हणणाऱ्यांचं वर्ष २०१७. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने फाइल-शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतलं, म्हणजे एसएमबी-१ मधलं भोक बुजवणारा अपडेट दिला. १२ मे रोजी फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय विषाणू त्याच भोकातून जगभर घुसला. बळी पडलेली बहुतेक मशिनं विंडोज ७ ची होती. अपडेट दोन महिने आधीच आला होता, फक्त टाकला गेला नव्हता. २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा विषाणू आला आणि त्याची झळ थेट कोकणाला बसली. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं जीटीआय टर्मिनल मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहातल्या एपीएम टर्मिनल्सकडे होतं. समूहाची जगभरातली यंत्रणा कोलमडली तशी इथलीही बंद पडली आणि कंटेनरची उचलठेव विस्कळीत झाली.

नॉटपेट्याचा दाखला दोन्ही बाजू देतात, म्हणून तो नीट समजून घ्यावा. तो पहिल्यांदा शिरला तो युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे अपडेट घेणाराच आधी फसला. आत शिरल्यावर तो एसएमबी-१ च्या भोकातून पसरलाच, शिवाय एका मशीनच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचा पासवर्ड उचलून शेजारच्या अपडेट केलेल्या मशीनवरही गेला. अपडेट गरजेचा होता, पण पुरेसा नव्हता. सगळ्या मशिनांना एकच अ‍ॅडमिन पासवर्ड ठेवणं हा त्यातला मोठा घोटाळा. कोकणातल्या कितीतरी केंद्रांत आजही ‘१२३’ हाच पासवर्ड सगळीकडे चालतो, हे जाता जाता.

त्या वर्षाचे परिणाम अजून भोगावे लागतात. २०१७ च्या अखेरीपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये एसएमबी-१ येत नाही. त्यामुळे झेरॉक्सच्या जुन्या मशीनवरून स्कॅन थेट संगणकाच्या फोल्डरमध्ये जाणं बंद पडतं. ११ च्या २४एच२ (२०२४ च्या उत्तरार्धातल्या) प्रो आवृत्तीत पासवर्ड नसलेला शेअरही (नेटवर्कवरचा सामाईक फोल्डर) उघडत नाही. दुकानदार अशा वेळी एसएमबी-१ परत चालू करून देतात. ते करू नये. झेरॉक्स मशीनला एफटीपीची किंवा ईमेलची सोय असेल तर ती वापरावी. शेअरसाठी संगणकावर वेगळा युजर काढून त्याला पासवर्ड द्यावा.

आता ११. ती ५ ऑक्टोबर २०२१ ला आली आणि पहिल्यांदाच मशीन हळू आहे की नाही याला फारसं महत्त्व उरलं नाही. ते यादीत आहे की नाही, एवढंच पाहिलं जातं. रॅम ४ जीबी, डिस्क ६४ जीबी, यूईएफआय (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा-चिप), आणि मंजूर यादीतला प्रोसेसर. इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, एएमडीचा रायझन २००० पासून पुढचा. मुंबईहून आलेले सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप, एसएसडी म्हणजे वेगवान डिस्क टाकून उत्तम पळणारे, इथे नापास झाले. कोकणातला वाद तापला तो यामुळे.

मशीन खरंच नापास आहे का, हे आधी तपासावं. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘टीपीएम.एमएससी’ (tpm.msc) चालवलं की टीपीएमची आवृत्ती दिसते. ‘एमएसइन्फो३२’मध्ये (msinfo32) ‘बायोस मोड’पुढे यूईएफआय आहे की लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, ते कळतं. आठव्या पिढीचं मशीन असूनही ‘चालणार नाही’ असा शेरा पुष्कळदा मिळतो. कारण बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) टीपीएम बंद असतं (इंटेलमध्ये त्याचं नाव पीटीटी, एएमडीत एफटीपीएम) आणि विंडोज जुन्या सवयीने लेगसीत टाकलेली असते. लेगसीची मांडणी डिस्क न पुसता यूईएफआयला चालेल अशी बदलता येते. प्रथम बॅकअप, मग अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एमबीआर-टू-जीपीटी (mbr2gpt) हे टूल ‘व्हॅलिडेट’ आणि ‘अलाउ फुल ओएस’ हे पर्याय देऊन चालवायचं. पास झालं तर ‘कन्व्हर्ट’. मग बायोसमध्ये यूईएफआय करायचं. हे शेवटचं विसरलं तर मशीन बूट होत नाही, आणि गिऱ्हाईक म्हणतं डिस्क गेली.

हे टूल नेमकं आपल्याकडे जास्त अडतं. सी, डी, ई, एफ असे चार कप्पे करून देण्याची दुकानदारांची एक्सपीपासूनची सवय. त्यातला शेवटचा भाग ‘एक्स्टेंडेड’ पार्टिशनमध्ये जातो, आणि ते किंवा तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशनं असली की टूल नकार देतं. मग डेटा बाहेरच्या डिस्कवर काढून ते कप्पे मोडावेच लागतात.

यादीबाहेरच्या मशीनवर पेनड्राइव्ह बनवणाऱ्या रूफससारख्या टूलने अटी टाळून ११ टाकता येते आणि पुष्कळजण टाकतातही. पण अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती सहसा हातानेच टाकावी लागते. २४एच२ पासून तर प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ च्या सूचना नसतील तर विंडोज सुरूच होत नाही. म्हणजे कोअर टू ड्युओसारख्या जुन्या प्रोसेसरचा विषय संपला. घरच्या मशीनला हा जुगाड ठीक, पण ज्यावर लोकांचे दाखले आणि आधारचं काम होतं त्या मशीनवर करू नये.

टाकायचीच तर वेळ पाहावी. हार्ड डिस्कवर अपग्रेडला दोन-तीन तास सहज जातात, एसएसडीवर तासाभरात उरकतं. साधा ६०० व्हीएचा यूपीएस फार तर पंधरा-वीस मिनिटं धरतो. मृगाच्या सरींत विजेचा फीडर दिवसातून चारदा पडतो, तेव्हा बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर हे काम म्हणजे जुगार. दीड-दोन जीबीच्या रोजच्या पॅकवर ११ ची पाच जीबीहून मोठी फाइल उतरत नाही. तालुक्याला चांगल्या लाइनवर ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह बनवून तोच सगळीकडे वापरावा. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं तर २४एच२ मध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होऊ शकते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी, कारण मदरबोर्ड बदलल्यावर मशीन तीच मागतं. नवी विंडोज रुचली नाही तर परतीला १० दिवस असतात.

थांबणाऱ्यांना एक अधिकृत वाट आहे. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असेल तर वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. लिनक्स मिंट जुन्या लॅपटॉपवर खरोखर छान चालतं, पण बोटांचे ठसे घेणारी यंत्रं, डिजिटल सहीचे टोकन आणि श्रीलिपी यांची गाडी विंडोजवरच धावते. त्यामुळे लिनक्स घरापुरतं.

२०२६ चे गणपती १४ सप्टेंबरला आहेत, मुदतीच्या महिनाभर आधी. मुंबईहून त्या वेळी येणाऱ्या लॅपटॉपविषयी ‘आय-फाइव्ह आहे’ एवढ्यावर भागवू नये. त्यापुढचा आकडा विचारावा: आय५-७२००यू सातव्या पिढीचा, आय५-८२५०यू आठव्या. पहिल्यावर ११ अधिकृतपणे टाकता येत नाही, दुसऱ्यावर येते. बाहेरून दोन्ही लॅपटॉप सारखेच दिसतात.