सोलापूरच्या उन्हाळ्यात गुलाबपाणी

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी असते. अशा दुपारी गुलाबपाण्याचा फवारा चेहऱ्यावर मारला की गार वाटतं, कारण पाण्याची वाफ होताना त्वचेची उष्णता ती सोबत नेते. पण तेवढ्यावर थांबलं तर थोड्याच वेळात चेहरा ओढल्यासारखा होतो. पाणी उडून जातं, मागे काही राहत नाही. त्वचा वारंवार ओली-कोरडी होत राहिली तर ती आणखी रुक्ष होते.

म्हणून गुलाबपाण्याचा खरा उपयोग मॉइश्चरायझरच्या आधी. चेहरा धुऊन टॉवेलने टिपून घ्यावा (सोलापुरी टॉवेल कितीही मऊ असला तरी चोळू नये), मग दोन-तीन फवारे मारावेत आणि त्वचा ओलसर असतानाच क्रीम किंवा बदाम तेलाचे दोन थेंब लावावेत. १०० मिली गुलाबपाण्यात ३ मिली ग्लिसरीन मिसळलं तरी चालतं. प्रमाण वाढवलं की चेहरा चिकट होतो आणि त्यावर धूळ बसते.

गुलाबपाणी म्हणजे फुलांच्या वाफेचं थंड होऊन झालेलं पाणी. गुलाबाच्या सुगंधातला फेनिलइथाइल अल्कोहोल हा घटक पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो, त्यामुळे तो गुलाबाच्या सुगंधी तेलापेक्षा या पाण्यातच जास्त उतरतो. उत्तर प्रदेशातल्या कनौजमध्ये तांब्याच्या देगेतून (मोठ्या हंड्यातून) हेच काम मोठ्या प्रमाणावर चालतं.

घरी करायचं तर फुलं निवडताना चोखंदळ असावं. हाराचा किंवा पुष्पगुच्छाचा गुलाब नको, त्यावर कीटकनाशकाची फवारणी झालेली असू शकते आणि लांब दांड्याच्या डच गुलाबाला वासही बेताचाच. कुंडीतला किंवा ओळखीच्या शेतातला देशी, वासाचा गुलाब सकाळी ऊन चढण्याआधी तोडावा. मोगरा या कामाला नको. त्याचा नाजूक वास उकळण्यात शिजून जातो.

स्टीलच्या रुंद पातेल्यात मधोमध उंच स्टँड ठेवून त्यावर रिकामं भांडं ठेवावं. उलटी वाटी स्टँड म्हणून वापरू नये, तिच्याखाली हवा अडकते आणि उकळी येताच भांडं कलंडतं. भोवती २५० ग्रॅम पाकळ्या आणि १ लिटर पाणी घालावं, पातळी भांड्याच्या काठाच्या बरीच खाली हवी. झाकण उलटं, मूठ खाली करून लावावं आणि वर बर्फ ठेवावा, म्हणजे वाफेचं पाणी होऊन ते मुठीवरून आतल्या भांड्यात पडतं. बोअरचं जड पाणी चालतं, क्षार पातेल्यातच राहतात. आच मंद असावी. जोरात उकळलं तर पाकळ्यांचं पाणी भांड्यात उडतं आणि अर्क रंगीत होतो. खरा अर्क पाण्यासारखा स्वच्छ असतो, बाजारातला गुलाबी रंग हा घातलेला असतो. साधारण अर्ध्या तासात २०० मिली जमलं की गॅस बंद करावा. पुढे वास फिका पडतो आणि पाणी आटलं तर पाकळ्या करपतात. ताज्या अर्काला जरा भाजीसारखा वास येतो, फ्रीजमध्ये दोन-चार दिवसांत तो निवळतो.

खराब होणं हीच याची मोठी अडचण. यात परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसतो आणि बुरशी, जिवाणू वाढायला पाणी पुरतं. काचेची बाटली १० मिनिटं उकळून, कोरडी करून त्यात भरावं, थेट फ्रीजमध्ये ठेवावं आणि दोन आठवड्यांत संपवावं. बाटलीत बोट किंवा कापूस बुडवू नये. गढूळपणा, तंतू किंवा आंबूस वास दिसला तर ओतून द्यावं, उकळून वाचवायचा प्रयत्न करू नये. विकत घेताना बाटलीवरची घटकांची यादी वाचावी. नुसतं पाणी आणि सुगंधी द्रव्य लिहिलेलं असेल तर ते अत्तर मिसळलेलं पाणी आहे.

साबणाने बिघडलेला त्वचेचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) गुलाबपाणी दुरुस्त करतं, असं सांगितलं जातं. हे पाणी किंचित आम्लधर्मी असतं हे खरं, पण ती आम्लता फारच दुबळी असते. ऊन अडवायची ताकदही यात नाही, सनस्क्रीन वेगळं लावावंच लागतं.

गुलाबातल्या जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल या घटकांची काहींना ॲलर्जी असते. कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा असं सात ते दहा दिवस लावून पाहावं, खाज किंवा लाली आली तर वापरू नये. डोळ्यांत गुलाबपाणी घालायची सवय अनेक घरांत आहे, ती सोडावी. घरचं किंवा साधं बाजारी पाणी निर्जंतुक नसतं, बुबुळाला संसर्ग होऊ शकतो.