घोड्यांच्या रिंगणातून कुत्र्यांकडे: अ‍ॅजिलिटीची पार्श्वभूमी

हर्डलवरून उडी, बोगद्यातून धाव, बारा काठ्यांमधून नागमोडी वाट, आणि शेजारून पळणाऱ्या मालकाने फक्त हातवारे व आवाज यांवर कुत्र्याला पुढचा अडथळा दाखवायचा. अ‍ॅजिलिटी म्हणजे एवढेच, पण घड्याळ लावून. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात ज्यांच्या घरी लॅब्राडोर, पॉमेरेनियन किंवा गल्लीतूनच घरात आलेला देशी कुत्रा आहे, त्यांनी हा खेळ मोबाइलवर पाहिलेला असतो. पाहून झाल्यावरचा प्रश्न ठरलेला: जवळच्या टेकनपूरला बीएसएफची (सीमा सुरक्षा दलाची) कुत्री करतात तेच ना हे? दिसायला तेच. पण टेकनपूरचे अडथळे डोळ्यासमोर ठेवून अंगणात तसेच उभे केले, तर कुत्रा जायबंदी होण्याची शक्यता बरीच आहे. असे का, हे या खेळाच्या इतिहासातच सापडते.

कुत्र्याला अडथळे ओलांडायला लावणे ही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली गोष्ट. ब्रिटनमधल्या ‘वर्किंग ट्रायल्स’ या कामकरी कुत्र्यांच्या परीक्षेत तीन अडथळे असत: ३ फुटांची उभी उडी, ९ फुटांची लांब उडी आणि ६ फुटांची लाकडी भिंत. जर्मनीत पोलीस कुत्र्यांसाठी जी परीक्षा घडली तिच्यात १ मीटरचे हर्डल आणि १८० सेंटिमीटरची दोन्ही बाजूंनी उतरती भिंत असे, आणि त्यांवरून लाकडी डंबेल तोंडात धरून परत यायचे. या परीक्षांमध्ये घाई नव्हती. कुत्रा घाबरतो का, हुकूम मिळेपर्यंत थांबतो का, हे पाहायचे असे. भिंत पक्की रोवलेली, कारण ती चढायची होती. धडक बसली तर काय, हा प्रश्नच नव्हता.

वेग आला तो १९७८ साली. लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात ‘क्रफ्ट्स’ हे श्वानप्रदर्शन भरले होते. मुख्य रिंगणात दोन कार्यक्रमांच्या मधला वेळ रिकामा जाई आणि प्रेक्षक उठून जात. समितीतले जॉन व्हार्ली घोड्यांच्या जगातले. त्यांनी वर्किंग ट्रायल्समध्ये मुरलेले प्रशिक्षक पीटर मीनवेल यांना घोड्यांच्या शो-जंपिंगसारखे काहीतरी कुत्र्यांसाठी बसवायला सांगितले. चार-चार कुत्र्यांचे दोन संघ उतरले. प्रेक्षकांना ते इतके आवडले की मधली वेळ भरायला आणलेला तुकडा स्वतंत्र खेळ झाला. १९८० मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लब या श्वानसंस्थेने त्याला मान्यता देऊन नियम छापले.

घोड्यांकडून काय काय आले, हे नियम वाचताना ठिकठिकाणी दिसते. दांडा पाडला की दोष. अडथळ्यापाशी अडला की ‘रिफ्युजल’, आणि तिसऱ्या वेळी बाद. स्पर्धेआधी हँडलरने, म्हणजे कुत्र्याबरोबर पळणाऱ्याने, कुत्र्याविना रिंगणातून चालत जाऊन वाट पाठ करायची, हीसुद्धा स्वारांचीच रीत. खांबांमधून घोडा नागमोडी काढायची शर्यत जिमखान्यांत जुनीच आहे. ज्या शहरात अजून रेसकोर्स रोड आहे आणि ज्याची वस्ती मुळात शिंद्यांच्या फौजेच्या छावणीतून वाढली, तिथे हा हिशेब समजावून सांगावा लागू नये.

वेळेचे गणितही तिथलेच. जज चाकाच्या मोजपट्टीने कुत्र्याची वाट मोजतो आणि अपेक्षित वेग ठरवतो. वाट १८० मीटर आणि वेग सेकंदाला ४ मीटर धरला, तर प्रमाण वेळ ४५ सेकंद. त्यापुढचा प्रत्येक सेकंद एक दोष. दांडा पडला किंवा कुत्रा अडला तर पाच-पाच. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या नियमांत एका वाटेवर १५ ते २२ अडथळे असतात.

अमेरिकेत १९८६ मध्ये स्वतंत्र संघटना निघाली, तिथल्या केनेल क्लबने १९९४ मध्ये पहिली स्पर्धा घेतली, आणि १९९६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मोर्ज येथे एफसीआयची पहिली जागतिक स्पर्धा झाली. सनावळी एवढी पुरे. खरा इतिहास सामानात आहे. सावकाश द्यायच्या परीक्षेचे अडथळे धावत्या कुत्र्यासमोर ठेवले की काय होते, ते गेल्या चाळीसएक वर्षांत एकेक करून कळत गेले, आणि प्रत्येक वेळी सामान बदलले.

हर्डलचेच घ्या. सुरुवातीला मोठ्या कुत्र्यांसाठी उंची ३० इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटर होती. आता एफसीआयमध्ये मोठ्या गटालाही ६० च्या वर नाही. एका धावेत अनेक उड्या, सरावात त्याच्या कितीतरी पट; उतरताना सगळे वजन पुढच्या पायांवर आणि खांद्यांवर येते. दांडा दोन्ही बाजूंनी नुसता टेकवलेला हवा, पाय लागताच पडणारा. घरी करायचे तर १ इंची पीव्हीसी पाइप चांगला. २० फुटी पाइपमधून सव्वा मीटरचे चार दांडे निघतात. पाऊण इंची पाइप स्वस्त पडतो, पण उन्हात बाक धरतो आणि मग खाचेत नीट बसत नाही. सर्वांत जास्त दिसणारी चूक दांडा ठेवायच्या टेकूची: खिळा ठोकून किंवा पूर्ण कड्यात अडकवून दांडा ‘पक्का’ करतात. सारखा उचलायचा कंटाळा, दुसरे काय. पाइपचा उथळ अर्धा काप बाहेरच्या बाजूला स्क्रूने बसवला की पुरे.

टायर हा तर सुरुवातीला खराखुरा गाडीचा टायर होता, साखळ्यांनी चौकटीत टांगलेला. कुत्रा मधून न जाता कडेला आदळला की मान आणि खांदा दुखावे. म्हणून आता धडक बसताच दोन भागांत उघडणारी कडी वापरतात. स्कूटरचा जुना टायर दोरीने झाडाला टांगणे हे थेट १९७८ मध्ये परत जाणे आहे. ते करू नये. कापडी बोगदा, ज्याचे एक तोंड मिटलेले असते, त्याचीही तीच गत. ओले किंवा पिळलेले कापड कुत्र्याच्या पायात गुंडाळले जाई. अमेरिकन केनेल क्लबने तो २०१६ मध्ये काढून टाकला, आणि इतरांनीही तोच रस्ता धरला. आता राहिला तो तारेच्या वलयांचा उघडा बोगदा, ६० सेंटिमीटर व्यासाचा. तो वाळूच्या पिशव्यांनी दोन्ही बाजूंनी दाबावा लागतो. मोकळा सोडला तर कुत्रा आत असतानाच लोळतो, आणि एकदा तसे झाले की कुत्रा पुन्हा तोंडापाशी उभा राहून नुसता बघत बसतो.

चढायच्या अडथळ्यांचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. ए-फ्रेमचे, म्हणजे दोन्ही बाजूंनी उतरत्या फळ्यांच्या अडथळ्याचे, टोक पूर्वी १.९० मीटरच्या आसपास असे, आता १.७० वर आले आहे. पण उंचीपेक्षा महत्त्वाचा नियम रंगाचा. वेगातला कुत्रा माथ्यावरूनच उडी टाकतो आणि मीटरभर उंचीवरून पुढच्या पायांवर आपटतो. त्याला खालपर्यंत उतरायला भाग पाडण्यासाठी ए-फ्रेमचा खालचा १०६ सेंटिमीटरचा पट्टा वेगळ्या रंगाचा करतात. डॉग वॉक (चढून, चालत जाऊन उतरायचा अरुंद फळ्यांचा पूल) आणि सी-सॉ (मध्यावर टेकू असलेली, खालीवर होणारी फळी) यांवर तो ९० सेंटिमीटर असतो. उतरताना त्या पट्ट्यावर किमान एक पंजा पडलाच पाहिजे, नाहीतर पाच दोष.

हा पट्टा शिकवण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी अशी: मागचे दोन पाय फळीवर, पुढचे दोन जमिनीवर ठेवून थांबायचे. पुढे स्लोव्हेनियाच्या सिल्व्हिया ट्रकमन यांच्यामुळे न थांबता, पावले मोजून पळत उतरण्याची पद्धत पसरली. दुसरी वेगवान खरी, पण तिला शेकडो अचूक आवर्तने आणि प्रत्येक पाऊल टिपणारी नजर लागते. घरच्या कुत्र्यासाठी पहिलीच बरी. ३० सेंटिमीटर रुंद फळी आधी जमिनीवर ठेवावी, मग एक टोक एका विटेवर. खाऊ द्यायचा तो फळीच्या शेवटी, जमिनीवर ठेवून. हातातून वर धरून दिला की कुत्रा मान वर करतो आणि मागचे पाय फळीवरून घसरतात. दुसरी अडचण मालकाचीच: तो थांबत नाही, पुढे पळतो, आणि कुत्रा पट्टा सोडून त्याच्यामागे.

फळीचा पृष्ठभागही बदलत आला. नुसते रंगवलेले लाकूड दवाने निसरडे होई. म्हणून रंगात वाळू मिसळू लागले. ती पंजाच्या गाद्या खरवडते. आता रबराचे बारीक दाणे चिकटवलेला थर चालतो. लष्करच्या जुन्या वाड्यांतल्या गुळगुळीत फरशीवर कुत्रा वळताना कसा घसरतो ते रोज दिसतेच. म्हणून गच्चीत किंवा चौकात उड्यांचा सराव नको.

सी-सॉ हा सर्वांत भीतीचा अडथळा. फळी ३६० ते ३८० सेंटिमीटरची, टेकूची उंची ६०. लहान कुत्र्याच्या वजनाने ती खालीच जात नसे. तो टोकाशी लोंबकळत राही आणि घाबरून उडी टाके. म्हणून नियमात चाचणी आली: खाली जाणाऱ्या अर्ध्या भागाच्या मधोमध १ किलो वजन ठेवले की फळी ३ ते ४ सेकंदांत जमिनीला टेकली पाहिजे. मिठाची एक किलोची पुडी ठेवून घरीही हे पाहता येते. लवकर आदळत असेल तर टेकूचे स्थान किंवा फळीचा तोल चुकला आहे. पाच-सहा सेकंद लागत असतील तर बिजागरी घट्ट आहे. आदळण्याचा आवाज कमी करायला सुरुवातीला टोकाखाली जुनी गादी किंवा पोते ठेवावे.

वीव्ह पोल, म्हणजे नागमोडी वाटेच्या काठ्या, बारा असतात, दोन काठ्यांत ६० सेंटिमीटर, म्हणजे पूर्ण रांग ६.६ मीटर. पूर्वी अंतर याहून कमीही असे. मोठ्या कुत्र्याच्या पाठीला पीळ पडतो म्हणून ते वाढवले. पहिली काठी नेहमी कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी यावी. बहुतेकांचा खेळ इथेच अडतो, कारण घाईने बाराही काठ्या एकदम लावतात. दोन काठ्यांपासून सुरुवात करून प्रवेश पक्का झाला की पुढच्या दोन.

आता भारताकडे. चेन्नईत मुख्य कार्यालय असलेल्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या प्रदर्शनांचा भर मुख्यतः जातीच्या ठेवणीवर राहिला: दात, चाल, केस, पाठीची रेषा. अडथळ्यांचे काम सेना आणि पोलिसांकडे राहिले. ग्वाल्हेरपासून तीसेक किलोमीटरवरच्या टेकनपूरला बीएसएफ अकादमीत १९७० पासून कुत्र्यांचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे देशी जातीही आल्या. २०२४ च्या अखिल भारतीय पोलीस ड्यूटी मीटमध्ये बीएसएफची रिया ही मुधोळ हाउंड सर्वोत्तम कुत्रा ठरली. मुधोळच्या घोरपडे संस्थानाने जपलेली ही जात, आपल्याकडे कारवानी म्हणून ओळखली जाणारी. पण सेवेतल्या कुत्र्याचा अडथळा अजूनही जुन्या वळणाचा असतो: पक्का, उंच, हुकमाने ओलांडायचा. त्याच्यामागे निवड, रोजचा व्यायाम आणि पशुवैद्य उभा असतो. घरचा, चार किलो जादा वजनाचा लॅब्राडोर त्या भिंतीवर नेऊ नये.

कागदांचा प्रश्न मात्र वाटतो तितका मोठा नाही. एफसीआयच्या जागतिक स्पर्धेला वंशावळ लागते, पण ब्रिटनमध्ये अ‍ॅजिलिटीला संकर कुत्रे चालतात आणि अमेरिकन केनेल क्लबने २०१० पासून त्यांना घेतले. आपल्याकडे हा खेळ खासगी प्रशिक्षक आणि पाळीव प्राण्यांच्या मेळाव्यांतून येतो, आणि तिथे देशी कुत्र्याला बहुधा कोणी अडवत नाही. वळणाला चपळ आणि अंगाने हलका असा देशी कुत्रा या खेळाला लॅब्राडोरपेक्षा सरस, असे आमचे स्पष्ट मत.

गट उंचीवर ठरतो. सपाट जमिनीवर कुत्रा चारही पायांवर सरळ उभा करून खांद्याच्या उंचवट्यापर्यंत मोजायचे, डोक्यापर्यंत नाही. ३५ सेंटिमीटरखाली स्मॉल, ४३ खाली मीडियम, ४८ खाली इंटरमीडिएट, पुढे लार्ज. इंटरमीडिएट गट २०२३ मध्ये आला. त्याआधी ४४ सेंटिमीटरचा कुत्राही मोठ्यांच्याच दांड्यावर उडत असे. आपले पॉमेरेनियन स्मॉलमध्ये, लॅब्राडोर आणि कारवानी लार्जमध्ये, आणि देशी कुत्री बहुधा शेवटच्या दोन गटांत पडतात. पग उंचीने स्मॉल असला तरी आखूड नाकामुळे धाप लवकर लागते. त्याला दोन-तीनहून जास्त अडथळे देऊ नयेत.

स्पर्धेचे किमान वय एफसीआयमध्ये १८ महिने. मोठ्या जातींच्या हाडांची वाढीची टोके साधारण तेव्हा बंद होतात. त्याआधी दांडा जमिनीवर ठेवून ओलांडायला लावावे, बोगदा आणि जमिनीवरची फळी शिकवावी, उडी नको.

ग्वाल्हेरात मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चच्या मध्यानंतर दुपार सोडाच, सकाळी नऊनंतरही नको. जानेवारीत धुके उतरल्यावर गवत आणि फळ्या ओल्या असतात, तेव्हा ए-फ्रेम आणि डॉग वॉक वापरण्याआधी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावेत. मेळाव्यात नाव नोंदवण्याआधी आयोजकाला चार गोष्टी विचाराव्यात: जमीन गवताची की सिमेंटची, दांडे पडतात का, टायर उघडतो का, आणि अडथळ्यांमध्ये किती अंतर आहे. साधारण ५ ते ७ मीटर हे बरोबर उत्तर. तीन मीटर असेल तर मोठ्या कुत्र्याला पाऊल घ्यायलाही जागा मिळत नाही. पहिल्यांदा उतरणाऱ्याने ‘जंपिंग’ वर्ग असेल तर तोच घ्यावा. त्यात चढायचा एकही अडथळा नसतो, नुसती हर्डल, बोगदे आणि काठ्या. काठ्या पक्क्या झाल्या नसतील तर जजला आधीच सांगून त्या वगळून धावावे. निकालात नाव येत नाही, पण कुत्र्याला रिंगण ओळखीचे होते.