किशोरकथेतील साचेबंद पात्रे : कोकण किनारा

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या कथा-कादंबऱ्यांत जी मुलं-मुली स्वभावापेक्षा ठरलेल्या खुणांवरूनच ओळखू येतात, त्यांना साचेबंद किंवा ठोकळेबाज पात्रे म्हणतात. चष्मेवाला हुशार, दांडगट पण मनाचा चांगला, नटवी, बंडखोर ही त्यांतली नेहमीची. ‘स्टिरिओटाइप’ हा शब्द मुळात छापखान्यातला; जुळवलेल्या खिळ्यांवरून ओतलेला अखंड ठसा, असा त्याचा अर्थ. माणसांविषयीच्या ठोकळेबाज समजुतींसाठी तो वॉल्टर लिपमन या अमेरिकी पत्रकाराने १९२२ मध्ये वापरला आणि पुढे तोच अर्थ रूढ झाला.

कोकणातल्या कथांचा साचा मे महिन्याचा आहे. मुंबई-पुण्याचा मुलगा एसटीतून उतरला की गोष्ट सुरू होते आणि तो परत गेला की संपते. गावातला मुलगा त्याला पोहायला शिकवतो, देवचाराच्या, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या भुताच्या, गोष्टी सांगतो. शाळेत मात्र तो ढ असतो. त्याची मालवणी येते ती हशा पिकवायला. कोळ्याचं पोर शूर आणि भाबडं. मुलगी असेल तर ओटीवर अबोलीचा वळेसर करणारी, नाहीतर झाडावर चढणारी, म्हणून ‘मुलासारखी’.

कोकणचा मुलगा जन्मतःच पोहतो, या समजुतीला साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने (१९३५) केव्हाच छेद दिला होता. दापोली तालुक्यातल्या पालगडचा श्याम पोहायच्या भीतीने लपून बसतो आणि आईचा मार खाऊन विहिरीवर जातो. पुढच्या अनुकरणांत त्याचा हळवेपणा तेवढा उरला. ती भीती, ती लपवाछपवी गळून गेली, आणि हे नुकसान मोठं आहे.

‘ढ’पणाची खूण तर उघडच खोटी. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा परीक्षा मंडळाचा कोकण विभाग दहावीच्या निकालात राज्यात सातत्याने पहिला येतो; २०२४ मध्ये तो निकाल ९९.०१ टक्के होता. हीच मुलं मे महिन्यात भल्या पहाटे झेला, म्हणजे फळं उतरवायची जाळीची काठी, घेऊन आंब्याच्या कलमांत शिरतात. देठ राखून फळ उतरवायचं, चीक सालीवर ओघळू द्यायचा नाही, मग पेंढ्यात अढी घालायची. पाहुण्याला दिसतो तो पिकलेला आंबा. तो पिकवणाऱ्या पोराच्या हातावरचे चिकाचे काळे डाग कथेत क्वचितच येतात.

पाहुण्याची नजर बाजूला ठेवली तर कथेला वर्षाचे उरलेले महिने मोकळे होतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, पडवीत जाळी विणायला काढलेली, अकरावीचा प्रवेश कुठे घ्यायचा यावरून घरात वाद, आणि शेजारचा मित्र कॉलेजसाठी मुंबईला गेलेला.