लायसन्स वेगळं, टॅग वेगळा: पेनसिल्व्हेनियातल्या हरणाच्या शिकारीचा घोळ

नोव्हेंबरातलं थँक्सगिव्हिंग जवळ आलं की इकडे अमेरिकेतल्या मराठी ग्रुपवर हटकून तोच प्रश्न येतो, "लायसन्स काढलंय, आता किती हरणं मारता येतील?" आणि मग उत्तरांचा पाऊस. कुणी म्हणतं एक, कुणी म्हणतं चार, कुणी टेक्सासमधल्या मेव्हण्याच्या हवाल्याने पाच सांगतं, आणि प्रत्येकजण आपापल्या जागी थोडाफार बरोबर असतो म्हणून वाद मिटतच नाही. अहो, लायसन्सवरून हरणांची संख्या ठरतच नाही. ती टॅगवरून, म्हणजे मारलेल्या हरणाला बांधायच्या चिठ्ठीवरून ठरते, आणि टॅग कुठल्या प्रकारच्या हरणासाठी आहे आणि कुठल्या भागातला आहे यावरून ठरते. हे एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे.

मी पेनसिल्व्हेनियाचं सांगतोय. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर तत्त्व तेच, पण आकडे आणि नियम तिथले बघा.

लायसन्सचं बहुतेकांना माहीत असतंच, म्हणून पटकन उरकतो. पहिल्यांदा काढताना हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, राज्यातल्या रहिवाशाला साधारण वीस डॉलर पडतात, बाहेरच्याला शंभरच्या आसपास, आणि ते १ जुलै ते ३० जून चालतं. धनुष्यबाणाच्या आणि मझलोडरच्या (ठासणीच्या बंदुकीच्या) सीझनसाठी वरून वेगळी छोटी लायसन्सं लागतात. झालं.

आता टॅग. लायसन्स म्हणजे रेशनकार्ड समजा. कार्ड आहे म्हणून दुकानातली सगळी पोती तुमची होत नाहीत, तुमच्या नावावर जेवढं धान्य तेवढंच, आणि ते उचललं की संपलं. तसं एक टॅग म्हणजे एक हरीण. पेनसिल्व्हेनियाच्या साध्या लायसन्सबरोबर शिंगवाल्या हरणाचा एकच टॅग येतो, तो राज्यभर चालतो, आणि अख्ख्या लायसन्स-वर्षात शिंगवालं हरीण एकच. तुम्ही ते ऑक्टोबरात बाणाने घेतलंत तर नोव्हेंबरात रायफल घेऊन दुसऱ्या शिंगवाल्यामागे जायचं नाही. सीझन नवा आला म्हणून टॅग नवा येत नाही. दर वर्षी कुणीतरी इथेच घसरतं.

बिनशिंगाच्या हरणासाठी वेगळा कागद काढावा लागतो आणि दुर्दैवाने त्यालाही ऑफिशियली लायसन्सच म्हणतात, तिथून अर्धा गोंधळ सुरू होतो. काम मात्र त्याचं टॅगचंच. राज्याचे भाग पाडलेत, १ए पासून ५डी पर्यंत, आणि प्रत्येक भागाला गेम कमिशन, म्हणजे राज्याचं शिकार खातं, दरवर्षी कोटा ठरवून देतं. विक्री जूनच्या शेवटी सुरू होते, आधी रहिवाशांना, मग बाहेरच्यांना. तुमचा कागद ५सीचा असेल तर तो ५सीतच चालतो, रस्ता ओलांडून शेजारच्या भागात गेलात की तो निव्वळ कागद. कोटा शिल्लक असेल तर एकाहून जास्त घेता येतात, म्हणून फिलाडेल्फियाच्या बाजूचा माणूस "चार मारली" म्हणतो आणि उत्तरेकडचा "एकच मिळतं" म्हणतो. दोघंही खरं बोलतायत.

हे असं का, तर त्यालाही कारण आहे. १९०० च्या सुमारास इथली हरणं जवळपास संपली होती, १९०६ पासून दुसऱ्या राज्यांतून आणून सोडावी लागली आणि १९०७ मध्ये फक्त नर मारायचा कायदा आला. कळप वाढवायचा असेल तर माद्या राखायच्या, कमी करायचा असेल तर माद्याच कमी करायच्या, कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे थोडे नर जास्त मारले तरी पुढच्या वर्षीच्या पाडसांत फारसा फरक पडत नाही. म्हणून शिंगवाल्याला राज्यभर एकच आकडा आणि बिनशिंगवाल्याला भागागणिक कोटा. मादी मारणं म्हणजे पाप असं सांगणारे लोक इथेही भरपूर आहेत, आणि हरणांनी बाग खाल्ली, हरीण गाडीवर आलं म्हणून वैतागणारेही बऱ्याचदा तेच असतात. माझं मत सरळ आहे, नवीन माणसाने आधी बिनशिंगवाल्याचा टॅग काढावा आणि मांस घरात आणावं, मोठ्या शिंगांचं नंतर बघता येईल.

पण मी शिंगवालं आणि बिनशिंगवालं असंच लिहितोय, नर आणि मादी असं नाही, हे लक्षात आलं का? खरी मेख इथे आहे. नियमात बिनशिंगाचं हरीण म्हणजे ज्याला शिंगं नाहीत, किंवा असली तरी दोन्ही तीन इंचांपेक्षा कमी. म्हणजे त्या वर्षी जन्मलेलं नर पाडस, ज्याच्या डोक्यावर केसांखाली नुसते टेंगूळ असतात, ते बिनशिंगवालं. जानेवारीत शिंगं गळून पडलेला मोठा नर, तोही बिनशिंगवालाच. "नर होता म्हणून नराचा टॅग लावला" असं म्हणाल तर चूक. (ख्रिसमसनंतरच्या फ्लिंटलॉक, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या ठासणीच्या बंदुकीच्या, सीझनला न वापरलेला साधा टॅग बिनशिंगवाल्यालाही लावता येतो, पण ती सूट त्या सीझनपुरतीच.)

आणि उलट बाजू त्याहून वाईट. २००२ पासून शिंगवाल्यासाठी शिंगांच्या टोकांचा नियम आहे, राज्याच्या बऱ्याच भागात एका बाजूला किमान तीन टोकं हवीत, पश्चिमेकडच्या भागांत तर कपाळालगतचा फाटा सोडून तीन. इंचभर लांब असेल तरच ते टोक. आता समोर एक तरुण नर उभा आहे, शिंगं चारेक इंच, फाटा नाही, नुसत्या दोन सरळ काड्या. तो बिनशिंगवाला नाही कारण तीन इंचांच्या वर गेलाय, आणि शिंगवाल्याच्या टॅगला बसत नाही कारण टोकं पुरत नाहीत. तुमच्या खिशात दोन्ही टॅग आहेत आणि त्या हरणाला एकही लागू नाही. साध्या प्रौढ शिकाऱ्याने त्याच्यावर गोळी झाडायची नाही. ज्युनिअर मुलांना सूट आहे, म्हणून बापाचं बघून मुलाने किंवा मुलाचं बघून बापाने नियम ठरवू नये. दुर्बिणीतून डोकं नीट दिसत नसेल तर बोट ट्रिगरवर नेऊच नका, अंदाजाने तर अजिबात नाही.

टॅग लावायची पद्धतही शिकून घ्या. हरीण पडलं की ते जागेवरून हलवायच्या आधी तारीख, वेळ, काउंटी (जिल्हा), टाऊनशिप (त्यातला गावभाग) पेनाने भरायचं आणि टॅग कानाला बांधायचा. "गाडीपर्यंत ओढून नेतो मग भरतो" हे चालत नाही. लायसन्स आता फोनवर दाखवता येतं, टॅग मात्र कागदी आणि जवळच लागतो, कारण तो हरणाच्या अंगावर राहायचा असतो. पेन थंडीत गोठतं म्हणून आतल्या खिशात ठेवा. आणि मित्राचं हरीण तुमच्या टॅगवर चढवायचं नाही, त्याने मारलं तर त्याचाच टॅग. विस्कॉन्सिनमध्ये गटाने शिकार करताना बंदुकीच्या सीझनला एकमेकांच्या टॅगवर मारता येतं, तिथून आलेले लोक हाच सल्ला इथे देतात आणि नवीन माणसाला गोत्यात आणतात.

टेक्सासच्या मेव्हण्याचंही सांगून टाकतो. तिथे लायसन्सच्या कागदावरच व्हाइटटेल जातीच्या हरणाचे पाच टॅग छापून येतात, पण किती मारायची ते काउंटी ठरवते. काउंटीत मर्यादा दोनची असेल तर उरलेले टॅग तिथे काही कामाचे नाहीत. म्हणजे पाच हा आकडा तिथेही सरसकट खरा नाही.

एच-वनवाल्यांनी पुढचं दोनदा वाचा. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक आणि गोळ्या बाळगायला बंदी आहे, आणि त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक म्हणजे चालू हंटिंग लायसन्स. इथे लायसन्सचं काम शिकारीपुरतं उरत नाही. ३० जूनला ते संपलं, शिकार तर नोव्हेंबरात आहे म्हणून तुम्ही नवीन काढलं नाही आणि रायफल कपाटात आहे, तर त्या अपवादाचा आधार गेला, मग तुम्ही जंगलात पाऊल टाका न टाका. टॅगचा याच्याशी काहीही संबंध नाही. टॅग सगळे संपले तरी चालेल, लायसन्स एक दिवस संपलेलं चालणार नाही. ग्रीनकार्डवाल्यांना ही अट नाही.

भारतातल्या मंडळींसाठी दोन ओळी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीची लायसन्सं होती, १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद झाली. तुमच्याकडचा बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे, आणि इकडचे व्हिडिओ बघून भाच्याने चितळामागे लागू नये.

राहिलं मांस आणि रिपोर्ट. मांस विकायचं नाही, वाटायला हरकत नाही. आणि मारल्यापासून दहा दिवसांत रिपोर्ट करायचा, ऑनलाइन किंवा फोनवरून. बरेच जण टॅग लावला म्हणजे झालं असं समजून हे सोडून देतात. तुमच्या भागात किती हरणं मारली गेली याचा अंदाज कमिशन याच रिपोर्टांच्या आधाराने बांधतं आणि पुढच्या वर्षीचा कोटा ठरवताना तो बघितला जातो, तेव्हा फ्रीझर भरायच्या आधी तेवढं करून टाका.