टाको, खिम्याचा

टाको, खिम्याचा : मक्याच्या पातळ पोळीत सारण घालून, ती दुमडून हातात धरून खाण्याचा मेक्सिकोतील पदार्थ म्हणजे टाको. पोळीला तेथे तोर्तिया म्हणतात. टाकोच्या अनेक शाखांपैकी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सर्वांत घरगुती ठरलेल्या शाखेचा विचार येथे केला आहे. तळून कडक केलेली मक्याची पोळी, तीत परतलेला गोमांसाचा खिमा आणि वर किसलेले चेडर चीज, चिरलेले आइसबर्ग लेट्यूस व टोमॅटो असे तिचे स्वरूप असते. अर्ध्या तासात तयार होणारा आणि ज्याचा त्याने ताटात भरून घ्यावयाचा हा पदार्थ तेथील कुटुंबांत कामाच्या दिवशी रात्रीच्या जेवणाला केला जातो. मेक्सिकन पाककलेच्या काही अभ्यासकांनी त्याला अस्सल मेक्सिकन मानण्याचे नाकारले आहे. तथापि सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या मेक्सिकन घरांतूनच तो वाढला, हे उपलब्ध पुराव्यावरून दिसते.

व्युत्पत्ती : ‘टाको’ शब्दाच्या उगमाविषयी एकमत नाही. एक मत असे, की तो मेक्सिकोतील मूळच्या आस्तेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेतील ‘त्लाको’ (अर्धा, मधला) ह्या शब्दावरून आला. पोळीच्या मध्यभागी सारण ठेवले जाते, हा त्यामागील तर्क. हे मत लोकप्रिय असले, तरी त्यात भाषाशास्त्रीय अडचण आहे. वसाहतकालीन मेक्सिकोत एक अष्टमांश रेआल (स्पॅनिश चांदीचे नाणे) किंमतीच्या नाण्याला ‘त्लाको’च म्हणत. हा शब्द त्याच नाहुआत्ल मुळापासून आला असून त्यातील आरंभीचा ‘त्ल’ हा जोडवर्ण मेक्सिकोच्या स्पॅनिशमध्ये टिकून राहिला. एकाच शब्दाचे नाण्याच्या बाबतीत एक आणि खाद्याच्या बाबतीत दुसरे रूप का व्हावे, याचा उलगडा ह्या मताने होत नाही.

दुसरे मत स्पॅनिश भाषेकडे बोट दाखवते. स्पॅनिशमध्ये ‘टाको’ म्हणजे बोळा, गुडदी, बंदुकीच्या नळीत ठासावयाची चिंधी. जेवणाच्या वेळेखेरीज खाल्लेला हलका घास असाही त्याचा एक अर्थ कोशांत दिलेला आहे. इतिहासकार जेफ्री पिल्चर यांनी ह्या अर्थाचा संबंध अठराव्या शतकातील मेक्सिकोच्या चांदीच्या खाणींशी जोडला आहे. खडक फोडण्यासाठी कागदात बंदुकीची दारू गुंडाळून केलेल्या सुरळीला खाणकामगार ‘टाको’ म्हणत, आणि सारण गुंडाळलेली तिखट पोळी तिच्यासारखी दिसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळणाऱ्या टाकोच्या सुरुवातीच्या उल्लेखांत ‘खाणकामगारांचे टाको’ हा प्रकार येतो, ही बाब ह्या मताला बळ देते. मात्र हलका घास हा अर्थ स्पेनमध्येही असल्यामुळे खाणींचा दुवा अनिवार्य ठरत नाही. शब्द स्पॅनिश आणि पदार्थ त्याहून कितीतरी जुना, असे मानणे सध्या अधिक सयुक्तिक वाटते.

पदार्थाच्या प्राचीनत्वाविषयी सोळाव्या शतकातील मिशनरी बेर्नार्दिनो दे साहागुन यांच्या नोंदी महत्त्वाच्या आहेत. आस्तेक लोकांच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या अनेक तऱ्हांच्या पोळ्यांची वर्णने त्यांनी केली आहेत. १५२१ मध्ये आस्तेकांची राजधानी टेनोच्तित्लान पडल्यानंतर स्पॅनिश सेनानी कोर्तेस याने कोयोआकान येथे दिलेल्या मेजवानीचे वर्णन त्याचा सैनिक बेर्नाल दिआस देल कास्तियो याने केले आहे, आणि ती युरोपीयांची पहिली टाको-मेजवानी होती असे अनेकदा लिहिले जाते. त्या वर्णनात क्यूबाहून आणलेली डुकरे आणि स्पेनची दारू आहे, पण टाको हा शब्द नाही. त्यामुळे हे विधान अनुमानापलीकडे जात नाही. गुरे तर स्पॅनिशांबरोबरच ह्या खंडात आली. तेव्हा गोमांसाचा टाको सोळाव्या शतकाच्या मागे नेता येत नाही.

पोळी : टाकोचे मर्म सारणात नसून पोळीत आहे, आणि पोळीचे मर्म चुन्यात आहे. मक्याचे दाणे पाण्यात, दाण्यांच्या वजनाच्या साधारण एक टक्का चुना घालून शिजवतात व त्याच पाण्यात रात्रभर भिजत ठेवतात. सकाळी दाणे चोळून धुतले, की पिवळसर झालेली साले बुळबुळीत होऊन सुटतात आणि धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातात. उरलेल्या दाण्यांना निश्तमाल म्हणतात. नाहुआत्लमधील राख आणि मक्याचे उकडलेले पीठ ह्या अर्थांच्या दोन शब्दांपासून हे नाव झाले आहे, यावरून चुन्याऐवजी राखही वापरली जाई हे दिसते. हे दाणे मेताते नावाच्या, आपल्या पाट्याशी नाते सांगणाऱ्या तीन पायांच्या दगडावर वाटून मऊ गोळा करीत. ग्वातेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावरील अवशेषांवरून ही प्रक्रिया इ. स. पू. सु. १५०० ते १२०० इतकी जुनी असावी, असे मानले जाते.

चुन्याचे कार्य तिहेरी आहे. क्षारामुळे सालीला दाण्याशी बांधून ठेवणारी द्रव्ये विरघळतात. अंशतः शिजलेला स्टार्च आणि कॅल्शियम यांमुळे पिठाला चिकटपणा येतो, म्हणून पोळी दुमडली तरी तुटत नाही. मक्याच्या नुसत्या पिठाची भाकरी थापताना कडा का फाटतात आणि ती गार झाल्यावर दुमडली तर का मोडते, याचे उत्तर येथेच आहे. तिसरे कार्य सर्वांत मोलाचे : मक्यातील निआसिन हे जीवनसत्त्व बद्धावस्थेत असते आणि शरीराला मिळत नाही, क्षारामुळे ते मोकळे होते. युरोपीयांनी मका नेला, पण चुन्याची रीत नेली नाही. परिणामी केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा त्वचा, आतडी व मेंदू यांवर आघात करणारा रोग पसरला. गास्पार कासाल यांनी स्पेनमधील आस्तुरियास प्रांतात तो १७३५ मध्ये नोंदला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने हजारोंचे बळी घेतले. तो संसर्गजन्य नसून आहारदोषाचा आहे, हे जोझेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिले. निआसिनने तो बरा होतो, हे १९३७ मधील संशोधनानंतर सिद्ध झाले. दख्खनच्या पठारावर ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या लोकांतही हा रोग आढळला. १९६० च्या सुमारास हैदराबाद येथे सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसीन ह्या ॲमिनो अम्लाच्या आधिक्याशी लावला. पुढे ह्या उपपत्तीवर आक्षेपही घेतले गेले. ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या पहाटे उठून निश्तमाल धुतले, त्यांनी ही उपासमार आपल्या मुलांपासून दूर ठेवली होती, हे विज्ञानाला फार उशिरा उमगले.

कडक टाको : मेक्सिकोत पोळीत सारण भरून, ती मिटवून मग तळण्याची पद्धत जुनी आहे, त्या प्रकाराला ‘सोनेरी टाको’ म्हणतात. त्यात बटाटा किंवा पिकादियो म्हणजे मसालेदार खिमा घालतात. कॅलिफोर्नियात १९१४ मध्ये निघालेल्या एका पाकपुस्तकातील टाकोची कृती ह्याच वळणाची आहे : शिजवलेले चिरलेले गोमांस व मिरचीचा रस्सा पोळीत घालून, कडा अंड्याने चिकटवून तळावे. आजच्या घरगुती टाकोत क्रम उलटा आहे. पोळी आधी रिकामी तळून तिला आकार दिला जातो आणि मग भरली जाते. भेद लहान वाटला, तरी टाकोचा पुढील सारा प्रसार ह्या उलट क्रमामुळेच शक्य झाला. कारण रिकामी तळलेली पोळी साठवता येते, खोक्यात भरता येते आणि दूरवर पाठवता येते.

हा शोध अनेकदा ग्लेन बेल यांच्या नावे मांडला जातो. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातील डाउनी येथे त्यांनी टाको बेल ह्या उपाहारगृहशृंखलेचे पहिले दुकान उघडले. त्याआधी सॅन बर्नार्डिनो येथे त्यांचे हॅम्बर्गरचे दुकान होते आणि त्याच्या समोर, रस्त्यापलीकडे, लुसिया रोद्रिगेज यांनी १९३७ मध्ये सुरू केलेले मित्ला कॅफे होते. तेथील खिम्याच्या सोनेरी टाकोंसाठी लागणाऱ्या रांगा पाहून बेल तेथे वारंवार जेवू लागले आणि तयार करण्याची रीत त्यांनी तेथेच पाहिली, हे आता सर्वमान्य आहे. कोंबड्यांची खुराडी करणाऱ्या कारागिराकडून पोळ्या तळण्याची तारेची टोपली आपण करवून घेतली, असे बेल सांगत. परंतु न्यूयॉर्कमधील उपाहारगृहचालक हुवेन्सियो मालदोनादो यांनी घडी घातलेल्या अनेक पोळ्या एकाच वेळी तेलात धरून ठेवणाऱ्या साच्यासाठी १९४७ मध्ये अर्ज केला होता आणि १९५० मध्ये त्यांना पेटंट मिळाले. यावरून आधी तळलेल्या पोळीचे श्रेय मेक्सिकन स्वयंपाक्यांकडे जाते, हे पिल्चर यांचे मत ग्राह्य वाटते. आइसबर्ग लेट्यूस आणि चेडर चीज ह्यांनाही कोणी भेसळ म्हणू नये. स्थलांतरित कुटुंबांना शेजारच्या दुकानात जे ताजे व स्वस्त मिळे, तेच त्यांनी वापरले.

कृती : चार माणसांसाठी सु. ४५० ग्रॅ. खिमा आणि ८ ते १० तयार कडक पोळ्या लागतात. खिम्यात चरबीचे प्रमाण १० ते २० टक्के असते. २० टक्क्यांचा खिमा चवीला सरस, पण परतल्यावर सुटलेली चरबी काढून टाकावी लागते. मसाल्यात मिरची, जिरे, लसूण, ओरेगानो व मीठ असते. अमेरिकेत ‘चिली पावडर’ ह्या नावाने विकली जाते ती पूड म्हणजे आपले लाल तिखट नव्हे. ती सौम्य मिरची, जिरे, लसूण व ओरेगानो यांचे मिश्रण असून टेक्सासमधील न्यू ब्राउनफेल्स येथे विल्यम गेबहार्ट यांनी १८९० च्या दशकात तिचे व्यापारी उत्पादन सुरू केले. तिच्या मापाने, म्हणजे मोठा चमचाभर, लाल तिखट घातले तर पदार्थ मुलांना खाववत नाही.

बहुतेक स्वयंपाकघरांत चूक होते ती खिमा परतताना. रुंद, चांगल्या तापलेल्या तव्यात खिमा पसरून दोन-तीन मिनिटे हलवू नये. आरंभी त्यातून पाणी सुटते, तो राखाडी दिसतो आणि रटरट असा मऊ आवाज येतो. पाणी आटले, की तोच आवाज कोरडा व चुरचुरीत होतो आणि खालची बाजू तपकिरी होऊ लागते. हा रंग व त्याबरोबरचा सुवास पृष्ठभाग सु. १४०° से. च्या वर गेल्याशिवाय येत नाही, आणि पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या पुढे सरकत नाही. तवा लहान असेल, तर खिमा दोन खेपांत परतावा. त्यानंतर कांदा व मसाला घालून मिनिटभर परतून, अर्धा-पाऊण कप पाणी घालून मंद आचेवर पाच-सात मिनिटे ठेवावे. पाण्यात टोमॅटोची पेस्ट किंवा चिमूटभर मक्याचा स्टार्च घातल्यास रस खिम्याला धरून राहतो. बाजारच्या मसाल्याच्या पाकिटातही स्टार्च ह्याचसाठी असतो. दळलेले गोमांस आतपर्यंत ७१° से. (१६०° फॅ.) तापले पाहिजे, असा अमेरिकन कृषी खात्याचा दंडक आहे; अखंड तुकड्याच्या केवळ बाहेर असणारे जंतू दळताना सर्वत्र मिसळतात, हे त्याचे कारण.

दरम्यान पोळ्या १७५° से. ला पाच मिनिटे भट्टीत तापवाव्यात. ही पायरी गाळू नये : खोक्यातील पोळीने हवेतली ओल शोषलेली असते आणि ती गेल्यावर कुरकुरीतपणा परत येतो. भरताना आधी खिमा, लगेच त्यावर चीज, मग लेट्यूस आणि शेवटी बिया काढून चिरलेला टोमॅटो. गरम खिम्यावर वितळलेले चीज वरच्या भाज्यांचा रस खाली झिरपू देत नाही. तरीही पोळी पहिल्या घासाला मोडतेच, म्हणून भरलेला टाको वाट पाहत ठेवत नाहीत. सारी भांडी मेजावर मांडून प्रत्येकाने आपला भरून घ्यावा, हीच रूढ पद्धत आहे. ओरेगानोचा तीव्र वास न आवडणाऱ्या मुलालाही तिने आपल्यापुरती निवड करता येते.

मंगळवारी टाको खाण्याची अमेरिकन प्रथा ह्या पदार्थाच्या घरगुती स्थानाची साक्ष देते. ‘टाको ट्यूझडे’ ही शब्दयोजना टाको जॉन्स ह्या शृंखलेने १९८९ मध्ये आपल्या नावे नोंदविली होती. टाको बेलने आव्हान दिल्यावर २०२३ मध्ये टाको जॉन्सने तो हक्क सोडून दिला.

भारतात टाको बेलचे पहिले दुकान २०१० मध्ये बंगळूरु येथे निघाले. गोमांस तेथे वापरले जात नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्याने गायीच्या, आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी आहे. म्हशीचे मांस तीत येत नाही. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत गोमांसाचा खिमा नेहमीचा आहे. अमेरिकेतील अनेक मराठी घरांत मुलांच्या आग्रहाने टाको होतो, तेव्हा खिमा कोंबडीचा वा टर्कीचा असतो, किंवा त्याच्या जागी काळा घेवडा अथवा राजमा शिजवून, अर्धवट ठेचून, जिऱ्यालसणावर परतला जातो. घेवडा मेक्सिकोतही मक्याचा जुना सोबती आहे. एकाच शेतात मक्याच्या ताटांवर त्याचे वेल चढवले जातात.