तंतुकणिकांची वाटणी आणि कर्करोगाच्या मूलपेशी

शाळेच्या पुस्तकात तंतुकणिका, म्हणजेच पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रिया, घेवड्याच्या बीसारखी काढलेली असते. जिवंत पेशीत ती अशी स्वस्थ बसत नाही. कार्ल बेंडा यांनी १८९८ मध्ये तिला नाव दिले तेच ग्रीक भाषेतल्या ‘धागा’ आणि ‘कण’ या दोन शब्दांवरून. १९१४-१५ मध्ये बाल्टिमोरला मार्गारेट आणि वॉरेन लुईस या दांपत्याने कोंबडीच्या गर्भातल्या पेशी वाढवून पाहिल्या, तेव्हा तंतुकणिका सरकत होत्या, एकमेकींत मिसळत होत्या, तुटत होत्या. इतके नेमके निरीक्षण पुढे कित्येक दशके अडगळीत पडले, याची हळहळ वाटते. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने आतल्या घड्या सुरेख दाखवल्या खऱ्या, पण त्यासाठी पेशी मारून रसायनांनी स्थिर करावी लागे. चित्र स्पष्ट झाले आणि हालचाल हरवली.

कर्करोगाच्या अभ्यासात तंतुकणिका आली ती ऊर्जेच्या हिशोबातून. ऑटो वारबुर्ग यांना १९२० च्या दशकात दिसले, की गाठीतल्या पेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोज आंबवतात. त्यांनी निष्कर्ष काढला, की श्वसनच बिघडले आहे. निरीक्षण टिकले, निष्कर्ष मात्र टिकला नाही; अनेक गाठींत तंतुकणिका व्यवस्थित काम करतात. पण त्या निष्कर्षाची छाया इतकी लांब पडली, की तंतुकणिकेचा आकार आणि तिची जागा यांकडे फारसे कोणी वळले नाही.

तिकडे टोरांटोमध्ये १९९४ साली जॉन डिक यांच्या गटाने ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, रुग्णांच्या पेशी उंदरांत घातल्या. रोग रुजवू शकणारी पेशी साधारण अडीच लाखांत एक निघाली. २००३ मध्ये मिशिगनमध्ये स्तनाच्या कर्करोगातल्या निवडक पेशींपैकी जेमतेम शंभर गाठ उभी करायला पुरल्या, बाकीच्या हजारो पेशींना ते जमले नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात शर्मिला बापट आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगात अशा, गाठ नव्याने उभी करू शकणाऱ्या, मूलपेशी दाखवल्या. अशी पेशी दुभंगताना एक लेक आपल्यासारखी ठेवते आणि दुसरी वेगळ्या वाटेला लावते. हे ठरते कशावरून? तंतुकणिकांच्या वाटणीवरून तर नव्हे?

उत्तराची हत्यारे फळमाशीतून आली. १९९७ मध्ये स्टॅनफर्डला नर माश्यांच्या शुक्रपेशींत तंतुकणिका जुळवणारे जनुक सापडले. ते बिघडले की आडवा छेद विस्कटलेल्या कांद्यासारखा दिसे, म्हणून नाव पडले ‘फझी ओनियन्स’. माणसातली त्याची भावंडे म्हणजे मायटोफ्युझिन. तोडण्याचे काम डीआरपी-१ हे प्रथिन करते. पेशी दुभंगायला लागली की पेशीविभाजन चालवणारे सीडीके-१ हे प्रथिन त्यावर फॉस्फेट चढवते आणि जाळे तुकड्या-तुकड्यांत फुटते, हे २००७ मध्ये कळले. तुकडे झाल्याशिवाय दोन लेकींत वाटणी होणार तरी कशी?

२०१५ हे वर्ष महत्त्वाचे. अमेरिकेतल्या व्हाइटहेड संस्थेत मानवी स्तनाच्या मूलपेशींसारख्या पेशींत जुन्या आणि नव्या तंतुकणिका वेगवेगळ्या ओळखू येतील अशी खूण केली गेली. जुन्या बहुतेक एकाच लेकीच्या वाट्याला गेल्या. जिला त्या कमी मिळाल्या तिने मूलपेशीचे गुण राखले, आणि विखंडन, म्हणजे तंतुकणिकांचे तुटणे, रोखताच ही निवड मोडली. या पेशी कर्करोगाच्या नव्हत्या, हे विसरू नये. त्याच वर्षी मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगात मात्र थेट दिसले, की मूलपेशींत डीआरपी-१ जास्त सक्रिय असते आणि ते दाबले की त्यांची वाढ खुंटते.

मग सगळे विखंडनावरच अवलंबून का? तसे नाही. २०१९ मध्ये स्तनाच्या पेशींत उलट चित्र समोर आले: जुळलेल्या तंतुकणिका मूलपेशीसारख्या लेकीकडे गेल्या, सुट्या दुसरीकडे, आणि ही विभागणी मायटोफ्युझिन-१ वर अवलंबून होती. मला यात विरोध दिसत नाही. तोडणे हे वाटणीचे साधन असेल, तर जुळलेली तंतुकणिका हा पदरात पडलेला वाटा असू शकतो. अडचण आहे ती औषधांची. डीआरपी-१ रोखण्यासाठी सर्रास वापरलेले एमडिव्ही-१ हे रसायन प्रत्यक्षात तंतुकणिकेत ऊर्जा बनवणाऱ्या श्वसनसाखळीतल्या पहिल्या प्रथिनसंकुलालाच अडवते, असे २०१७ मध्ये दाखवले गेले. त्यामुळे केवळ त्याच्या आधारावर उभे असलेले प्रयोग जनुक दाबून पुन्हा तपासून पाहावे लागतात.