जुन्या सिनेमांचा महोत्सव, रेड कार्पेट आणि सांगलीचा बातमीदार: अर्ज कसा करायचा, कागदपत्रं कोणती

"महोत्सवाचा पास काढला की रेड कार्पेटजवळ उभं राहता येतं ना?" हा प्रश्न मला सांगलीत दोनदा आणि साताऱ्यात एकदा विचारला गेलाय, आणि तिन्ही वेळा विचारणाऱ्याने पैसे भरून झाले होते. उत्तर आहे, नाही. प्रेक्षकाचा पास वेगळा, माध्यम प्रतिनिधी म्हणून मिळणारी मान्यता वेगळी आणि उद्घाटनाच्या संध्याकाळी कार्पेटच्या दोरीमागे मिळणारी हातभर जागा आणखी वेगळी. मान्यता मिळालेल्या प्रत्येकाला ही जागा मिळते असंही नाही. तिच्यासाठी बहुतेक ठिकाणी पुन्हा वेगळी विनंती करावी लागते.

जुन्या सिनेमांचा महोत्सव म्हटलं की पहिलं नाव येतं हॉलिवूडच्या टीसीएम क्लासिक फिल्म फेस्टिव्हलचं. टीसीएम म्हणजे 'टर्नर क्लासिक मूव्हीज', जुने सिनेमे दाखवणारी अमेरिकी वाहिनी. तो २०१० मध्ये सुरू झाला. पहिल्या वर्षीच्या उद्घाटनाला १९५४ च्या 'अ स्टार इज बॉर्न'ची दुरुस्त केलेली प्रत दाखवली होती. कार्पेट अंथरलं जातं ते १९२७ च्या चायनीज थिएटरसमोर. इटलीतल्या बोलोन्याचा महोत्सव १९८६ पासून चालू आहे, पण तिथे कार्पेटपेक्षा भर चौकात लावलेल्या पडद्याचं अप्रूप जास्त. आपल्याला परवडणारं ठिकाण म्हणजे गोव्याचा इफ्फी, भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. तो फक्त जुन्या सिनेमांचा नाही, पण अलीकडे तिथे दुरुस्त केलेल्या भारतीय चित्रपटांचा स्वतंत्र विभाग असतो. मिरजेतून गोवा एक्सप्रेस पकडली की झालं. माझं मत विचाराल तर पहिला अर्ज गोव्याचाच करा. तिथे मिळालेलं माध्यम ओळखपत्र पुढे परदेशातल्या अर्जाला पुरावा म्हणून जोडता येतं.

पात्रता

इफ्फीची माध्यम मान्यता केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय, म्हणजे पीआयबी, देतं. अर्ज ऑनलाइन असतो. २०२३ च्या सूचनेत तीन गोष्टी स्पष्ट होत्या. अर्जदाराने त्या वर्षीच्या १ जानेवारीला वयाची १८ वर्षं पूर्ण केलेली असावीत, मोठे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव वार्तांकित करण्याचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा, आणि एका संस्थेला किती पास द्यायचे हे तिचा खप, प्रेक्षकसंख्या, प्रकाशनाची वारंवारिता आणि सिनेमाला दिलेली जागा पाहून ठरेल. मुक्त पत्रकारांनाही अर्ज करता येत होता. नियम दर वर्षी थोडे बदलतात, म्हणून यंदाची नियमावली उघडून वाचाच. गेल्या वर्षीच्या फॉरवर्डवर विसंबू नका.

तीन वर्षांच्या अटीपाशी तालुक्याच्या साप्ताहिकाचा माणूस अडखळतो. त्यावरचा उपाय पुण्यात आहे. पुण्याचा पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००२ पासून भरतो, स्वारगेटला जाऊन येणं काही अवघड नाही, आणि तिथल्या बातम्या नावानिशी छापून आल्या की कात्रणांची फाइल तयार होऊ लागते. अट एका वर्षात पुरी होणार नाही, हे खरं. पण सुरुवात कुठून तरी करावीच लागते.

कागदपत्रं

फोटो, ओळखपत्र, असल्यास पीआयबीची किंवा राज्य शासनाची अधिस्वीकृती पत्रिका, दैनिक-साप्ताहिकाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, नावानिशी छापून आलेली कात्रणं किंवा दुवे. नोंदणीबाबत एक लक्षात ठेवा. नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि नोंदणी करणाऱ्या जुन्या 'आरएनआय' कार्यालयाचं नाव आता 'पीआरजीआय' झालं आहे. खपासाठी सीएचं प्रमाणपत्र हाताशी ठेवा. पोर्टल असेल तर महिन्याच्या वाचकसंख्येचा स्क्रीनशॉट द्या, आणि आकडा आहे तोच लिहा. फुगवलेला आकडा पकडायला फार वेळ लागत नाही.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते नावापायी. आपल्याकडे बायलाइन, म्हणजे बातमीवर छापलेलं नाव, असते 'बाळासाहेब', आधारवर असतं 'दत्तात्रय', आणि पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये घालून तिसरंच काही. अर्ज तपासणाऱ्याला ही तीन माणसं वाटतात. अर्जावर ओळखपत्रावरचंच नाव लिहा आणि संपादकांच्या पत्रात एक वाक्य घालून घ्या: "हे आमच्या अंकात अमुक नावाने लिहितात." एवढ्या वाक्याने काम होतं.

संपादकांचं ते पत्र हाच अर्जाचा खरा कणा. लेटरहेडवर, तारखेसह, सही-शिक्क्यासह हवं. माझा पहिला अर्ज एका महोत्सवाने परत केला होता. कारण पत्रावर तारीखच नव्हती, आणि संपादकसाहेब तोवर गावच्या जत्रेला निघून गेले होते! पत्रातला मजकूर मोघम नको. "महोत्सवाचे वार्तांकन करतील" हे सगळेच लिहितात. त्याऐवजी लिहा की रोज एक बातमी, दुरुस्त केलेल्या भारतीय चित्रपटांवर एक लेख आणि रविवार पुरवणीत एक पान. आपल्याकडे सांगण्यासारखं आहेही भरपूर. सांगली ही विष्णुदास भाव्यांची नाट्यपंढरी. १८४३ मध्ये इथे 'सीतास्वयंवर' झालं. कोल्हापुरात १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, आणि तिचा 'संत तुकाराम' १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. "आमच्या वाचकांना याच परंपरेतल्या जुन्या फितींच्या दुरुस्तीबद्दल सांगायचं आहे" असं एखादं वाक्य पत्रात असलं, तर वाचणारा क्षणभर थांबतो.

हॉलिवूडचा अर्ज

इथे मान्यता आणि व्हिसा असे दोन अर्ज, आणि दोन्ही वेळेत. महोत्सव साधारण वसंतात, गुरुवार ते रविवार असतो. माध्यमांसाठीचा अर्ज काही महिने आधी उघडतो आणि लवकर बंद होतो. नुसता पास विकत घ्यायचा विचार असेल तर सावध राहा. पासांच्या श्रेणी असतात आणि स्वस्त श्रेणीत उद्घाटनाच्या खेळाला प्रवेश नसतो.

व्हिसाबद्दलचा गैरसमज मात्र महागात पडतो. पर्यटकाच्या व्हिसावर जाऊन बातमीदारी करता येत नाही. माध्यम प्रतिनिधींसाठी 'आय' नावाचा वेगळा व्हिसा आहे. तो अमेरिकेबाहेर मुख्यालय असलेल्या माध्यम संस्थेसाठी काम करणाऱ्याला मिळतो. मुक्त पत्रकाराला संस्थेशी केलेला करार दाखवावा लागतो. मनोरंजनपर कार्यक्रमाचं चित्रीकरण या व्हिसात बसत नाही, बातमी किंवा माहितीपर काम बसतं. व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म डीएस-१६०, शुल्क १८५ डॉलर, मुलाखत मुंबईत. एक सवलत आहे. केवळ स्थिरचित्रं काढणाऱ्या छायाचित्रकाराला, अमेरिकेतून मानधन मिळणार नसेल तर, 'बी-१' म्हणजे कामानिमित्त छोट्या भेटीच्या व्हिसावर जाता येतं. महोत्सवाचं मान्यतापत्र आलं म्हणजे व्हिसा मिळालाच, असं समजून विमानाचं तिकीट काढू नका.

पासपोर्ट नसेल तर तिथून सुरुवात करा. सांगली आणि सातारा, दोन्ही जिल्हे पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडे येतात. ३६ पानांच्या पासपोर्टचं साधं शुल्क १,५०० रुपये. पोलीस पडताळणीच्या वेळी घरी कुणीतरी असावं, एवढं पाहा. महागडा कॅमेरा नेणार असाल तर निघताना विमानतळावर सीमाशुल्क खात्याकडून त्याचं निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. नाहीतर परत येताना "हा तिकडून आणला का?" या प्रश्नाला उत्तर देत बसावं लागतं.

दोरीमागे

कार्पेटची जागा मंजूर झाली की ई-मेलवर हजर राहायची वेळ येते. ती पाहुण्यांच्या वेळेच्या बरीच आधीची असते, आणि चुकली की जागा गेली. रांगेत आधी छायाचित्रकार, मग मोठ्या वाहिन्या, आणि छापील अंक-पोर्टल शेवटी. म्हणजे आपण टोकाला. पाहुणा तिथे येईपर्यंत त्याचे लोक घाई करत असतात, म्हणून प्रश्न एकच ठेवा. जुन्या सिनेमांच्या महोत्सवात पाहुणे बहुधा वयस्कर नट-नट्या, दिग्दर्शकांची मुलं-नातवंडं किंवा फिती दुरुस्त करणारे तंत्रज्ञ असतात. कपडे कुणाचे हे त्यांना विचारण्यात अर्थ नाही. मूळ निगेटिव्ह कुठे सापडली, किती रिळं गहाळ होती, रंग कशावरून ठरवले, हे विचारलं की माणूस थांबतो आणि मागचे लोक घड्याळ दाखवत राहतात. मोठमोठ्याने बोला, कारण वयस्कर पाहुण्यांना त्या गोंगाटात ऐकू येत नाही.

तुमची जागा जमिनीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून ओळखायची. चिठ्ठीवर तुमचं नाही, अंकाचं नाव असतं, तेही इंग्रजी स्पेलिंगमध्ये, आणि मराठी नावांची स्पेलिंगं कशी होतात हे आपल्याला माहीत आहे. अर्जात जे स्पेलिंग दिलं ते मोबाइलमध्ये लिहून न्या.